अंतराळात सलग सर्वात जास्त दिवस कोण राहिलं, आणि इतके दिवस कशासाठी?

रशियाचे वालेरी पोल्याकोव. 8 जानेवारी 1994 ला 'मीर' स्थानकाकडे निघाले ते थेट 22 मार्च 1995 ला परतले, म्हणजे जवळपास 438 दिवस. हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही.

पोल्याकोव पेशाने डॉक्टर. मंगळावर जायचं तर माणूस तेवढे महिने वजनरहित अवस्थेत तग धरेल का, हे त्यांना स्वतःच्याच शरीरावर तपासायचं होतं. हाडं आणि स्नायू झिजू नयेत म्हणून रोजचा व्यायाम चुकवायचा नाही, हे ओघाने आलंच. त्यांच्या मनःस्थितीच्याही चाचण्या होत होत्या. गंमत म्हणजे मूड बिघडला तो वर गेल्यावर पहिले तीनेक आठवडे आणि परत आल्यावर पहिले दोनेक आठवडे. मधले कित्येक महिने गडी ठीकठाक! उतरल्यावर यानातून जवळच्या खुर्चीपर्यंत ते स्वतःच्या पायांनी गेले. एरवी अंतराळवीरांना उचलून नेतात, पण मंगळावर उचलायला कोण असणार?

अमेरिकेचे फ्रँक रुबिओ 2022-23 मध्ये 371 दिवस राहिले, पण ते नाइलाजाने. मुक्काम सहा महिन्यांचाच ठरला होता. त्यांच्या सोयुझ यानातलं शीतक (यान थंड ठेवणारा द्रव) गळालं आणि परतीसाठी दुसऱ्या यानाची वाट पाहावी लागली.