नाळेचं रक्त, मज्जेच्या पेशी : वाचकांचे प्रश्न

स्टेम सेल आणि प्रोजेनिटर सेल एकच का? मुलीच्या अभ्यासात दोन्ही शब्द आले, मला समजावता आलं नाही. (नाशिक)

एक नाहीत. पण हा फरक उमगायला शास्त्रज्ञांनाही बराच काळ लागला. १९६१ मध्ये टोरांटोत जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅकलॉक यांनी किरणोत्साराने उंदरांची मज्जा (हाडांच्या पोकळीतला, रक्त तयार करणारा मऊ गर) निकामी केली आणि दुसऱ्या उंदरांची मज्जा त्यांच्या शिरेतून सोडली. दहाएक दिवसांनी प्लीहेवर (पोटातला, रक्त गाळणारा अवयव) बारीक गाठी उठल्या. एकेक गाठ एकाच पेशीपासून वाढली होती, हे पुढे सिद्ध झालं. तरी तिच्यात लाल पेशी होत्या, पांढऱ्या होत्या, रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट घडवणाऱ्याही होत्या. रक्ताला मूळपेशी, म्हणजेच स्टेम सेल, असतात, याचा तो भक्कम पुरावा मानला गेला. नंतर लक्षात आलं, की त्यातल्या बहुतेक गाठी खऱ्या मूळपेशींच्या नव्हत्या, त्यांच्या लेकींच्या होत्या. या लेकी म्हणजे प्रोजेनिटर पेशी. त्या भराभर विभागतात, रक्त घडवतात आणि काही काळाने संपतात. मूळपेशी मात्र स्वतःसारखी दुसरी पेशी मागे ठेवते, म्हणून ती जन्मभर पुरते. आपल्या शरीरात दर सेकंदाला सुमारे २० लाख लाल पेशी तयार होतात. हे सगळं राबणं प्रोजेनिटर पेशींचं; मूळपेशी बहुतेक वेळ निवांत असतात.

बहिणीच्या मुलाचा सिकलसेलचा रिपोर्ट ‘एसएस’ आला आहे. जन्मल्यावर पाच-सहा महिने बाळ ठणठणीत होतं, मग हातापायांना सूज येऊ लागली. घरचे म्हणतात, लस बाधली. खरं आहे का? (गडचिरोली जिल्हा)

लसीचा काहीही संबंध नाही. ‘एसएस’ म्हणजे सिकलसेलचं जनुक आई आणि बाबा दोघांकडून आलं आहे; आजार जन्मापासूनचाच आहे. कृपा करून उरलेल्या लसी चुकवू नका. सिकलसेलच्या बाळाला त्यांची गरज इतरांपेक्षा जास्त असते.

ते पाच-सहा महिने बरे का गेले, याचं उत्तर गर्भाच्या वाढीत आहे. पोटातल्या बाळाचं रक्त आधी पीतककोशात (गर्भाला जोडलेली छोटी पिशवी), मग यकृतात आणि शेवटी हाडांच्या मज्जेत तयार होतं. गर्भात असताना त्याच्या लाल पेशींमध्ये वेगळं, ‘गर्भाचं’ हिमोग्लोबिन असतं. सिकलसेलचा दोष मोठेपणीच्या हिमोग्लोबिनात असतो, गर्भाच्या नव्हे. जन्मानंतर काही महिन्यांत पहिलं मागे पडतं, दुसरं त्याची जागा घेतं आणि पेशी विळ्यासारख्या वाकू लागतात. लसी त्याच महिन्यांत दिल्या जातात, म्हणून दोष त्यांच्यावर येतो.

गर्भाचं हिमोग्लोबिन बंद करण्यात ‘बीसीएल-११-ए’ या जनुकाचा मोठा हात आहे, हे कळल्यावर उपचाराची नवी वाट उघडली. रुग्णाच्याच रक्तातल्या मूळपेशी बाहेर काढायच्या, त्यांच्यातलं या जनुकाचं बटण कापायचं, तीव्र केमोथेरपीने मज्जा रिकामी करायची आणि पेशी परत सोडायच्या. ‘कॅसजेव्ही’ नावाच्या या उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने मंजुरी दिली. अमेरिकेत तेव्हा जाहीर झालेली किंमत २२ लाख डॉलर! ज्या आजाराचं ओझं विदर्भातल्या आणि नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांवर आहे, त्याचं औषध इतकं महाग असावं, याचा मला मनापासून त्रास होतो.

पण हात टेकू नका. हायड्रॉक्सीयुरिया हे जुनं, स्वस्त औषध तेच गर्भाचं हिमोग्लोबिन काही प्रमाणात वाढवतं. ते कधी सुरू करायचं, हे बाळाच्या डॉक्टरांना पुढच्याच भेटीत विचारा. पुढे मज्जा प्रत्यारोपणाचा विचार झाला, तर सख्ख्या भावंडाची मज्जा पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते.

सुनेचे दिवस भरत आले आहेत. नाळेचं रक्त खासगी बँकेत ठेवावं का? ‘बाळाचा आयुष्यभराचा विमा’ असं सांगतात. (पुणे)

माझं उत्तर ‘नको’ असं आहे. बाळाला पुढे थॅलेसेमिया (हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक आजार) निघाला, तर तोच दोष नाळेतल्या पेशींमध्येही असणार. लहानपणच्या ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कर्करोगात, तर बिघाडाची पहिली पायरी पुष्कळदा गर्भातच पडलेली असते, म्हणजे साठवलेल्या रक्तातही ती असू शकते. शिवाय एका नाळेतल्या पेशी मोठ्या माणसाला बहुधा पुरत नाहीत. स्वतःसाठी असा साठा करायला शास्त्रीय आधार नाही, हे आयसीएमआरनेही (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) म्हटलं आहे.

नाळेचं रक्त निरुपयोगी नाही. १९८८ मध्ये पॅरिसला एलियान ग्लुकमन यांनी फॅन्कोनी ॲनिमियाच्या (मज्जा निकामी होत जाणारा आनुवंशिक आजार) मुलावर नाळेच्या रक्ताने पहिलं प्रत्यारोपण केलं, पण ते रक्त होतं त्याच्या धाकट्या बहिणीचं. घरात थॅलेसेमिया किंवा सिकलसेलचं मूल आधीच असेल, तर मात्र प्रसूतीपूर्वीच रक्तविकारतज्ज्ञांना भेटा.

चार वर्षांच्या मुलाला ऑटिझम आहे. स्टेम सेलची सहा इंजेक्शनं सुचवली आहेत, दागिने मोडायची तयारी आहे. (सोलापूर)

दागिने मोडू नका, ताई. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डिसेंबर २०२२ मध्येच स्पष्ट केलं, की ऑटिझमसाठी या उपचाराची शिफारस करता येत नाही. ‘ही संशोधनाची चाचणी आहे’ असं कुणी म्हणालं आणि सोबत बिल दिलं, तर तिथून उठा. आयसीएमआरच्या नियमांनुसार चाचणीत भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घेता येत नाहीत. तेच पैसे आणि तोच वेळ स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपीला द्या.

मोठ्या मुलासाठी धाकटीची मज्जा जुळली. पाठीच्या कण्यातून काढतात आणि पुढे कायमची कमजोरी येते, असं सासूबाई म्हणतात. (अकोला)

कण्याला हात लावत नाहीत. भूल देऊन कमरेच्या हाडाच्या मागच्या भागातून सुईने मज्जा घेतात. ती काही आठवड्यांत भरून येते. पहिल्या उत्तरातल्या मूळपेशी हेच तर करतात. थोडे दिवस कंबर दुखेल, हिमोग्लोबिन जरा उतरेल, लोहाच्या गोळ्या लागतील. मात्र सगळ्यांचं लक्ष दादाकडे असताना धाकटी एकटी पडते, हे मी वॉर्डात पुष्कळदा पाहिलं आहे. काय होणार आहे, ते तिला तिच्या भाषेत आधी सांगा, आणि त्या रात्री तिच्या खाटेपाशी सासूबाईंनाच बसू द्या.