एक्स्चेंजच्या डेटा सेंटरमधल्या रॅकचं भाडं कशावर ठरतं?

तुमचे प्रश्न दोन आहेत. शेअर बाजार आपल्या डेटा सेंटरमध्ये सर्व्हर ठेवायला जागा देतो त्याचे दर कसे ठरतात, आणि लातुरात बसून ऑप्शन्स करणाऱ्याने 'कोलो स्पीड'साठी दरमहा पैसे भरावेत का. कोलो म्हणजे को-लोकेशन, एक्स्चेंजच्याच डेटा सेंटरमध्ये आपला सर्व्हर ठेवणं. मी काही वर्षं मुंबईत एका ब्रोकरकडे नेटवर्कचं काम केलं, आता लातुरातच असतो.

जागा म्हणजे रॅक, माणसापेक्षा थोडं उंच लोखंडी कपाट. पूर्ण किंवा अर्धं घेता येतं. भाडं ठरलेलं असतं. तुम्ही दिवसात दहा ऑर्डर टाका की दहा लाख, भाडं तेवढंच. सौद्यांवरचं शुल्क निराळं. आपल्या मार्केट यार्डात गाळ्याचं भाडं वेगळं आणि बाजार शुल्क वेगळं, तसंच.

पण दर चौरस फुटावर ठरतो असं समजू नका. खरा हिशोब विजेचा आहे. सर्व्हर जेवढी वीज खातो तेवढीच उष्णता बाहेर टाकतो, आणि ती काढायला पुन्हा एसीला वीज लागते. म्हणून रॅकला वीज मंजूर करून दिलेली असते आणि आकारणी त्या मंजूर भारावर होते. मीटर नसलेल्या कृषिपंपाचं बिल एचपीवर येतं, मोटार चालो न चालो, तसंच हे. न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजच्या न्यू जर्सीतल्या माहवाच्या केंद्रातही महिन्याची आकारणी किलोवॅटवर आहे. त्यावर बसवणुकीचा एकदाचा खर्च आणि नेटवर्क पोर्टचे, म्हणजे एक्स्चेंजच्या नेटवर्कला जोडणीचे, पैसे. पोर्टची क्षमता जितकी जास्त तितका तो महाग.

यात विकणारा एकच असतो, ही खरी अडचण. एक्स्चेंजच्या शेजारची जागा दुसरा कोणी देऊच शकत नाही, त्यामुळे स्पर्धेने दर खाली येत नाही. म्हणून अमेरिकेत एक्स्चेंजला असे दर एसईसीकडे, म्हणजे तिथल्या बाजार नियामकाकडे, दाखल करावे लागतात. आपल्याकडे सेबीने ९ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकात तीन चांगल्या गोष्टी केल्या: टिक-बाय-टिक डेटा (प्रत्येक ऑर्डर आणि सौद्याची क्षणोक्षणीची माहिती) सगळ्या सदस्य ब्रोकरना मोफत, ऑर्डरला किती वेळ लागतो त्याचे आकडे जाहीर करणं, आणि मॅनेज्ड कोलो, म्हणजे एका व्हेंडरच्या रॅकमध्ये अनेक लहान ब्रोकर. मला तिसरी सगळ्यात मोलाची वाटते, कारण तिच्यामुळे लहान ब्रोकरला अख्खा रॅक घ्यावा लागत नाही.

भाडं सारखं असलं म्हणजे संधी सारखी होते असं मात्र नाही. एनएसईने ही सेवा २००९ मध्ये सुरू केली. सुरुवातीच्या पद्धतीत डेटा एकामागून एक सर्व्हरला जायचा, त्यामुळे सकाळी आधी जोडला गेला त्याला आधी मिळायचा. २०१४ मध्ये मल्टिकास्ट आलं, तेव्हा सगळ्यांना एकदम मिळू लागला. रॅक जवळ असो की कोपऱ्यात, केबलची लांबी सारखी ठेवतात तीही याचसाठी. जवळच्या रॅकच्या मागे उरलेल्या पिवळ्या फायबरचं वेटोळं बांधून ठेवलेलं दिसतं. एका मीटरला जेमतेम पाच नॅनोसेकंद लागतात, पण तेवढ्यावरही भांडण होतं.

आता तुमचं. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. लातूर ते मुंबई पाचशे किलोमीटर धरले तर नुसतं जायलाच अडीच मिलिसेकंद, म्हणजे २,५०० मायक्रोसेकंद. रॅकमधल्यांची चढाओढ काही मायक्रोसेकंदांची असते. तुम्ही लातुरातून बटण दाबणार असाल तर कोलोचा काडीचाही उपयोग नाही. तुमचा प्रोग्रॅमच त्या रॅकमध्ये चालत असेल तर आहे. आणि रॅक सदस्य ब्रोकरला किंवा मॅनेज्ड कोलोच्या व्हेंडरला मिळतो, तुम्हाआम्हाला थेट नाही.

माझ्या मित्राने एका विक्रेत्याला असेच दरमहा पैसे भरले. मी त्या विक्रेत्याचा सर्व्हर पिंग करून (संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजून) पाहिला तर तो एक्स्चेंजच्या इमारतीत नव्हताच, भाड्याचा साधा क्लाउड सर्व्हर होता. म्हणून पैसे देण्याआधी लेखी विचारा: रॅक कोणत्या सदस्याच्या किंवा व्हेंडरच्या नावावर आहे, प्रोग्रॅम कुठे चालणार, आणि त्या अल्गोला (आपोआप ऑर्डर टाकणाऱ्या प्रोग्रॅमला) एक्स्चेंजची मंजुरी आहे का. टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा. तुम्हाला सांगितलेला दर इथे लिहा, त्यात काय काय धरलं आहे ते पाहून सांगतो.