कुत्र्याच्या दोन महिन्यांच्या पिल्लासाठी विमा कोणता घ्यावा?

सांगलीत आहात आणि पिल्लू दोन महिन्यांचं आहे, तर आधी लस, मग विमा. पार्व्हो-डिस्टेंपर या पिल्लांच्या जीवघेण्या आजारांवरच्या लसीचा पहिला डोस आत्ताच द्या. पुढचे डोस दर तीन-चार आठवड्यांनी, साधारण 16 आठवड्यांचं होईपर्यंत. तीन महिन्यांनंतर रेबीज. लस चुकली आणि तोच आजार झाला, तर विमा कंपन्या सहसा पैसे देत नाहीत. लसीच्या पुस्तिकेत तारीख, डॉक्टरांची सही आणि बाटलीवरचं स्टिकर लागलंय ना, ते दवाखान्यातच बघून घ्या.

पॉलिसी घेताना पहिला प्रश्न हाच विचारा: दवाखान्याचा खर्च मिळणार, की फक्त कुत्रं दगावलं तर भरपाई? हप्ता स्वस्त दिसतो तो बऱ्याचदा यामुळेच. घेतल्यावर किती दिवस आजाराचा क्लेम चालत नाही, तेही विचारा. पिल्लू कारवान (आपल्याकडची देशी शिकारी जात) किंवा गावठी असेल तर ते पॉलिसीत बसतं का, हे लेखी घ्या.

आमच्या कारवानचा पाय विश्रामबागेत मोटरसायकलखाली मोडला. क्ष-किरण, प्लास्टर, आठवडाभर इंजेक्शनं, आणि सगळी बिलं साध्या चिठ्ठीवर. विमा कंपनीकडे एकही चाललं नाही. पक्कं बिल मागायला अजिबात संकोच करू नका. पैसे बहुतेक वेळा आधी आपणच भरायचे असतात.

शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यायची वेळ आली, तर तिथली पावती चालेल का, हेही आत्ताच विचारून ठेवा. आणि कुत्रं शेजारच्या पोराला चावलं तर त्याची भरपाई देणारं कलम असेल, तर थोडा जास्त हप्ता भरून ते नक्की घ्या.