भयाची एकांकिका लिहिणाऱ्यास

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

परवा परळला तुमची तालीम संपल्यावर तू मला जिन्यात गाठून विचारलेस, "सर, प्रेक्षक घाबरतील ना?" उभ्याउभ्या उत्तर देण्यासारखा तो प्रश्न नव्हता. आयुष्यभर मानसशास्त्र शिकवलेल्या माणसाला तो दोन दिवस पुरला, म्हणून हे पत्र.

पुनर्विकासासाठी रिकामी केलेली चाळ आणि तिथे एका खोलीत मागे राहिलेला म्हातारा, ही तुझी कल्पना मला मनापासून आवडली. भयानक रसाची कारणे सांगताना भरताने नाट्यशास्त्रात कोल्ह्याघुबडांच्या आणि अरण्याच्या जोडीला 'शून्यागार', म्हणजे ओस पडलेले घर, मोजले आहे. माणसांनी गजबजलेली चाळ रिकामी झाली की कशी दिसते, हे गिरगाव-परळच्या प्रेक्षकाला वेगळे सांगावे लागत नाही. माझी तक्रार वेगळीच आहे. पस्तीस मिनिटांत तू अकरा वेळा पत्रा वाजवलास. त्याने लोक दचकतील, पण दचकणे म्हणजे भिणे नव्हे.

दचकणे ही मेंदूच्या तळाकडच्या भागातून येणारी प्रतिक्षिप्त क्रिया आहे आणि तिच्यापुढे बुद्धीचे काही चालत नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात डार्विनने जाड काचेला तोंड लावून, काहीही झाले तरी मागे हटायचे नाही असा निश्चय करून, पलीकडच्या विषारी सापाकडे पाहिले होते. सापाने काचेवर झडप घालताच तो विलक्षण वेगाने यार्ड-दोन यार्ड मागे उडाला. हा अनुभव त्याने 1872 साली भावनांवरच्या आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवला. काच आहे हे त्याला माहीत होते, शरीराला मात्र ते वेळेवर कळले नाही. तसा तुझा पत्रा पहिल्यांदा वाजेल तेव्हा शरीर फसेल, चौथ्यांदा ते सरावेल आणि सातव्यांदा प्रेक्षक नुसता वैतागेल.

खरी भीती चाहुलीत असते. डोळ्यांनी-कानांनी टिपलेल्या खुणा मेंदूतल्या बदामाएवढ्या अमिग्डाला या धोका हेरणाऱ्या भागापर्यंत दोन वाटांनी पोचतात, असे जोसेफ लेडू या शास्त्रज्ञाने मांडले आहे. एक वाट जवळची, पण ढोबळ आहे. दुसरी मेंदूच्या बाह्य थरातून जाणारी, सावकाश आणि नीट पारखून घेणारी आहे. पहिल्या वाटेने छातीत धडधड सुरू होते, अ‍ॅड्रेनलिन रक्तात उतरते, तळहात ओले होतात. दुसरी मागून सांगते की हे नाटक आहे, शेजारी मित्र बसला आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या वाटतात, तेव्हाच भीतीची गोडी लागते. त्यातली एक जरी सुटली तरी उरतो तो कंटाळा, नाहीतर निव्वळ त्रास.

लहानपणी माहीमच्या मेळ्यात मौत का कुआँ पाहिला, तेव्हा हे मी अंगाने अनुभवले, समजले पुष्कळ नंतर. आम्ही वरच्या कठड्याला धरून उभे होतो. मोटारसायकल भिंतीवर चढत आली की पायांखालच्या फळ्या थरथरत, पेट्रोलचा वास नाकात शिरे आणि मी वडिलांचा सदरा घट्ट धरी. गाडी खाली उतरली की मी हसत सुटे आणि "परत बघू" म्हणे. माझ्याच वयाचा माझा मावसभाऊ मात्र रडत होता, त्याला खाली जायचे होते आणि गर्दीत वाट मिळत नव्हती. आमच्या दोघांच्या हृदयाचे ठोके बहुधा सारखेच वाढले असतील. मला पाहिजे तेव्हा निघता येईल असे वाटत होते, त्याला तसे वाटत नव्हते.

म्हणूनच काळोख करून दारे लावायची आणि दोन नटांनी मागून येऊन प्रेक्षकांच्या खांद्यावर हात ठेवायचा, हा तुझ्या संहितेतला शेवट काढून टाक, असे मी आग्रहाने सांगतो. अंगाला हात लागला की प्रेक्षकाला सुरक्षित ठेवणारी, डार्विनसमोर होती तशी, काच फुटते. शिवाय प्रेक्षकांत कोणाच्या मागे कोणता जुना प्रसंग उभा असेल, हे आपल्याला ठाऊक नसते.

भीती जितकी जास्त तितकी मजा जास्त, हा तुझ्या गटाचा समजही तपासून पाहा. डेन्मार्कमध्ये एका भयगृहात, म्हणजे लोकांना मुद्दाम घाबरवण्यासाठी सजवलेल्या घरात, शिरलेल्या 110 जणांच्या हृदयाच्या ठोक्यांची नोंद संशोधकांनी घेतली आणि 2020 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. फार कमी भ्यालेल्यांना विशेष मजा आली नाही, फार भ्यालेल्यांनाही नाही. ती आली मधल्यांना. फोडणीतल्या मिरचीसारखे हे आहे, आणि हात आखडता घेण्यातच खरे कसब आहे.

आता तुझ्याजवळ आहे पण तू वाया घालवतोस, अशी एक गोष्ट सांगतो. अमिग्डाला पूर्ण नष्ट झालेल्या एका अमेरिकन स्त्रीला सापांची भीती वाटत नव्हती आणि भयगृहातही ती हसत फिरली. पण कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा हुंगायला देताच ती घाबरीघुबरी झाली. श्वास कोंडण्याची भीती इतकी खोलवरची आहे. तुझा म्हातारा दम्याचा आहे. दुसऱ्या प्रवेशात त्याचा श्वास ऐकू येतो आणि नेमके तिथेच तू पार्श्वसंगीत चढवतोस. ते बंद कर. मोरीतल्या नळाचे थेंब, त्याचा श्वास आणि एका क्षणी त्या श्वासाबरोबर ऐकू येणारा दुसरा श्वास, एवढेच ठेव.

मंगळवारी मी तालमीला येईन आणि शेवटच्या रांगेत बसेन. पत्रा घरीच ठेवून या.

तुझा,
सर