चिंता वाटते, म्हणजे विश्वास कमी पडतो का?

"रोज प्रार्थना करते, बायबलचं वचन वाचते, तरी काळजी सुटत नाही. माझा विश्वासच कमी पडतो का हो?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की समोरचं माणूस खुर्चीत टेकायच्या आतच तो मला त्याच्या चेहऱ्यावर दिसतो. आज एका ताईंबद्दल सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

मुलाला नोकरी नाही, नवऱ्याचे तपासणीचे रिपोर्ट यायचे होते, आणि रात्री दोनला जाग ठरलेली. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा ६ वा अध्याय त्यांना तोंडपाठ होता, आणि तोच टोचत होता. "'उद्याची चिंता करू नका' ही प्रभूची आज्ञा. मी ती रोज मोडते." आधी चिंता, वर ती केल्याचा अपराधीपणा. हे दुसरं ओझंच माणसाला जास्त वाकवतं, असं माझं जुनं निरीक्षण आहे.

मी विचारलं, "क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशू निवांत होते का?"

"नाही. व्याकूळ झाले होते."

"मग त्यांचा विश्वास कमी पडला?"

"काहीतरीच काय बोलता!" त्या जवळजवळ रागावल्याच. मला बरं वाटलं, कारण तोवर त्या फक्त मान डोलवत होत्या.

(झोप आणि जेवण कित्येक आठवडे उडालं असेल तर मी आधी डॉक्टरांकडे पाठवतो. खचलेल्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने प्रवचन दिलं नाही, उठवून भाकर आणि पाणी दिलं. बायबलमधल्या १ राजे पुस्तकाचा १९ वा अध्याय वाचा.)

चौथ्या भेटीत म्हटलं, "रात्री करता तशी प्रार्थना आत्ता करा." त्यांनी डोळे मिटले. मुलाचं वय निघून चाललंय, रिपोर्ट वाईट आला तर, पैसे पुरतील का... पाच मिनिटं न थांबता. मग मी हळूच विचारलं, "ताई, ही प्रार्थना आहे, की चिंताच हात जोडून बसलीय?"

त्यांना हसू आलं. मी प्रेषित पौलाच्या पत्रातलं फिलिप्पै ४:६ काढायला सांगितलं. तिथे 'आपली मागणी देवाला कळवा' असं आहे. "तुमची मागणी काय?"

"मुलाला नोकरी."

"ती त्याची झाली. तुमची?"

बराच वेळ गेला. अशा वेळी गप्प राहणं मला फार उशिरा जमलं. आधी मी लगेच एखादं वचन पुढे करायचो. शेवटी त्या पुटपुटल्या, "मला भीती वाटते. काही वाईट झालं, तर चर्चच्या मंडळीत म्हणतील, आईचीच प्रार्थना कमी पडली." आणि रडू फुटलं.

"हे देवाला सांगितलंय कधी?"

"त्याला काय वाटेल?"

इथे मला उलगडलं. ताई देवासमोरही उपासनेला जाताना तयार व्हावं तशा नीटनेटक्या होऊन जात होत्या. खरी भीती घरीच राहायची आणि रात्री दोनला उठवायची. बायबलमधला स्तोत्रकर्ता असा नटत नाही. १३ व्या स्तोत्रात तो देवाला सरळ विचारतो, मला किती काळ विसरणार? मला वाटतं, विश्वास म्हणजे भीती नसणं नव्हे. ती कुणाकडे न्यायची हे ठाऊक असणं.

आणखी एक. फिलिप्पैच्या त्या वचनाच्या पुढच्या, म्हणजे ७ व्या वचनात मागितलेलं मिळेलच असं लिहिलेलं नाही. देवाची शांती मन राखील, असं आहे. पौलाने हे बंदिवासातून लिहिलं. म्हणून मी ताईंना एवढंच सांगितलं: रोज प्रार्थनेची एक ओळ लिहा, फक्त आजची. प्रभूच्या प्रार्थनेतली भाकरही आजचीच आहे, आणि रानात इस्राएल लोकांना देवाने रोज दिलेलं अन्न, मान्ना, त्यांनी उद्यासाठी साठवलं तेव्हा त्यात किडे पडले होते.

शेवटच्या भेटीपर्यंत नोकरी लागली नव्हती.

"परवा पुन्हा दोनला जाग आली. एवढंच म्हटलं, प्रभू, मला भीती वाटते."

"मग?"

"मग काय, सकाळी उठायला उशीर झाला."