मोबाईलवर लोक ऑर्डर अर्धवट सोडून जातायत? आधी हे बघ
अरे, रंग आणि बॅनर बदलत बसू नकोस, आधी स्वतःचा फोन एका हातात धर आणि नुसत्या अंगठ्याने तुझ्याच साईटवर एक ऑर्डर पूर्ण करून बघ, कुठे अडतंय ते लगेच कळेल. माझ्याकडे नावाच्या रकान्यात टॅप केलं की आयफोनवर पान आपोआप झूम व्हायचं नि पुढचं बटण स्क्रीनबाहेर जायचं, कारण काय तर त्या रकान्यातल्या अक्षरांचा आकार (फॉन्ट) १६ पिक्सेलपेक्षा लहान! बटणं निदान ४८ पिक्सेलची ठेव, फोन नंबरला आकड्यांचाच कीबोर्ड उघडू दे, ऑटोफिल (फोनने नाव-पत्ता आपोआप भरणं) चालू ठेव. आणि अकाउंट उघडायची सक्ती काढच बाबा, ते ऑर्डर झाल्यावरही विचारता येतं.