पूर नेमका केव्हा येतो?

प्रश्न : इजिप्त आणि मेसोपोटेमिया या दोन्ही प्राचीन संस्कृती नदीकाठीच वाढल्या. मग इजिप्तमध्ये इ.स.पू. ३१००च्या सुमारास एकसंध राज्य उभे राहिले, आणि सुमेरमध्ये, म्हणजे मेसोपोटेमियाच्या दक्षिण भागात, मात्र छोटी नगरराज्ये शतकानुशतके आपसांत भांडत राहिली, असे का?

उत्तर : नदी कोठे आहे याइतकेच तिला पूर केव्हा येतो, हेही पाहावे लागते. इथिओपियाच्या पठारावरील पावसाने फुगलेली नाईल इजिप्तमध्ये ऑगस्ट-सप्टेंबरात दुथडी भरून वाहत असे आणि गहू-जवाच्या पेरणीच्या तोंडावर ओसरून मागे ताजा गाळ ठेवून जात असे. मेसोपोटेमियातील तैग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांचा पूर मात्र अनातोलियाच्या (आजच्या तुर्कस्तानातील) डोंगरांतील बर्फ वितळल्याने एप्रिल-मेमध्ये, म्हणजे पीक कापणीला आले असताना येई, आणि पेरणीच्या दिवसांत याच नद्यांचे पाणी तळाला गेलेले असे. त्यामुळे पूर अडवायला बांध आणि पाणी आणायला कालवे, अशी दुहेरी कामे सुमेरी शेतकऱ्याच्या मागे लागली. कालव्यांत सतत गाळ साचे. तो उपसण्याचे काम कधी संपतच नसे. कालवा ज्याच्या ताब्यात, त्याचे शेत पिकणार, हे उघडच होते. लगाश आणि उम्मा या शेजारी नगरांचा सुपीक जमीन व पाणी यांवरून पिढ्यान्‌पिढ्या चाललेला संघर्ष याच परिस्थितीतून आलेला आहे. पुढे बाबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यांच्या संहितेत तर आळसामुळे बांध दुरुस्त न ठेवणाऱ्याने, तो फुटून इतरांचे धान्य बुडाल्यास ते भरून द्यावे, आणि तेही न जमल्यास त्याला व त्याच्या मालमत्तेला विकून नुकसानग्रस्तांनी पैसे वाटून घ्यावेत, असे कलमच आहे.

इजिप्तला आणखी एक अनुकूलता लाभली होती. नाईल उत्तरेकडे वाहते, तर वारा बहुधा उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो. त्यामुळे उत्तरेकडे जाताना प्रवाह आणि दक्षिणेकडे येताना शीड, असा स्वस्त राजमार्ग राज्यकर्त्यांना आयताच मिळाला. त्यांच्या चित्रलिपीत दक्षिणेकडे जाणे दाखवायला शीड उभारलेली नाव, तर उत्तरेकडे जाणे दाखवायला शीड नसलेली नाव काढीत. दोन्ही बाजूंच्या वाळवंटांनी आक्रमकांनाही बराच काळ दूर ठेवले.

तथापि सारे श्रेय भूगोलाला देणे मला पटत नाही. त्याच सपाट, कालव्यांनी चिरलेल्या प्रदेशात इ.स.पू. चोविसाव्या शतकात अक्कड या नगराचा राजा सारगॉन याने सुमेरी नगरे एका सत्तेखाली आणलीच होती.